टँकरभर पाण्यात चार थेंब

माझं काम लोकांच्या फुंकरी मोजण्याचं आहे. लग्नकार्यात कुणी विचारलं, "काय करतेस गं हल्ली?" तर मी "लॅबमध्ये आहे" एवढंच सांगते. फुंकर मोजते म्हटलं की लोक हसतात, आणि हसणाऱ्या माणसाला पुढचं समजावून सांगणं मला जमत नाही. लिहिणं त्यापेक्षा सोपं. माझी शाळा बीडमधली इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी लिहिताना हात जरा बिचकतो. पण हे सगळं घडलं ते मराठीत, तेव्हा सांगायचंही मराठीतच.

आमचा दवाखाना सहकारी आहे. बीडहून शिरूर कासारकडे जाणाऱ्या रस्त्याला साखर कारखान्याच्या सभासदांनी शेअर घालून तो उभा केला. तीस खाटा, एक एक्स-रे, एक लॅब आणि छातीच्या विकारांचे डॉक्टर जोगदंड सर. श्वासाचं यंत्र त्यांनीच हट्टाने मागवलं. वार्षिक सभेत तो विषय निघाला तेव्हा मागच्या रांगेतला एक सभासद उठून म्हणाला होता, "श्वास मोजून काय करायचं सायेब? चालू हाय का बंद हाय एवढं कळलं म्हंजी झालं की!" सगळा मंडप हसला. सरही हसले. ठराव मात्र मंजूर झाला.

त्या सभासदाला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते आता देते.

दमा म्हणजे श्वासनळ्यांना आतून आलेली सूज. नळी अरुंद होते, मग घेतलेला श्वास बाहेर सोडता येत नाही. या सुजेवरचं औषध म्हणजे स्टिरॉइड. पंपाने ओढून थेट छातीत घेतलं तर ते अगदी थोडं पुरतं. तेवढ्याने भागलं नाही की गोळ्या. आणि गोळ्या महिनोन्महिने घेतल्या की रक्तातली साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा फुगतो. म्हणून दमा फार जोराचा असेल तर डॉक्टरांपुढे खरा प्रश्न असतो, या माणसाला स्टिरॉइड लागू पडतंय का? कारण सगळी सूज एका जातीची नसते. एका जातीची सूज स्टिरॉइडपुढे विरघळते, दुसरी ढिम्म हलत नाही. स्टेथोस्कोप लावला तर दोन्हींची शिट्टी सारखीच ऐकू येते.

इथे माझं काम सुरू होतं. पहिली साक्ष रक्ताची. थेंब काचपट्टीवर पसरून रंगवला की पांढऱ्या पेशींच्या गर्दीत एखादी अशी दिसते, जिच्या पोटात केशरी दाणे ठासून भरलेले आणि मधे दोन गोळे, चष्म्यासारखे. ती इओसिनोफिल. स्टिरॉइडला ऐकणारी सूज असली की या पेशी वाढलेल्या असतात, आणि स्टिरॉइड पोटात गेलं की काही तासांत त्या रक्तातून नाहीशा होऊ लागतात.

दुसरी साक्ष श्वासाची. सुजलेल्या नळीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू निघतो आणि श्वासाबरोबर बाहेर येतो. तो इतका थोडा असतो की अब्जांशांत मोजतात. अब्जांश म्हणजे किती, हे मला पाठ होतं पण कळलं नव्हतं. त्या दुष्काळी वर्षी आमच्याकडे जो तो टँकरच्या भाषेत बोलत होता, तेव्हा मीही तसंच मांडून पाहिलं. दहा हजार लिटरचा टँकर भरून उभा आहे आणि त्यात कुणी कशाचे तरी चार थेंब टाकले. तेवढं म्हणजे वीस अब्जांश. निरोगी माणसाचा आकडा त्याच्याच आसपास असतो. वीस थेंब पडले की शंभर. म्हणजे आत आग लागलेली आहे. टँकरमध्ये थेंब चार पडले का वीस पडले, हे तळहाताएवढं यंत्र एका फुंकरीवरून ओळखतं. मी हे शेकडो वेळा पाहिलंय, तरी आकडा उमटेपर्यंत अजून माझाच श्वास अडकतो.

अशा साक्षी असल्या म्हणजे खोटं पकडलं जातं, हेही आम्ही लवकरच शिकलो. ऊसतोडीच्या टोळ्या नेणारे एक म्हातारे मुकादम यायचे. दमा जुना, पण रक्तात इओसिनोफिल शून्य. मी शंभर पेशी मोजल्या, दोनशे मोजल्या, एकही नाही. सर म्हणाले, "या माणसाच्या रक्तात कुणीतरी झाडू मारलाय." मुकादम शपथेवर सांगत होते, दुसरं कसलंच औषध घेत नाही म्हणून. आमच्या आया सखुमावशींनी वजनासाठी त्यांना पटका काढायला लावला तर आतून कागदाच्या चार पुड्या पडल्या.

"अंगारा हाय त्यो," मुकादम म्हणाले.

"अंगारा कपाळाला लावतेत मुकादम," सखुमावशी म्हणाल्या, "पटक्यात दडवून ठिवत न्हाईत."

पुडीत कुणा वैदूने कुटून दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या. त्या दिवसापासून सरांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: आकडा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. माझ्याही मनात बसली. मला तर माणसांपेक्षा आकड्यांशी बोलणं आधीपासूनच सोपं वाटायचं.

या यंत्राची एक खोड आहे. फुंकर जोराची चालत नाही. पडद्यावर दोन रेषा असतात आणि मधे एक चेंडू; दहा सेकंद एकसारखं फुंकून तो चेंडू दोन रेषांच्या मधे तरंगत ठेवायचा. आवाजी माणसांना ते जमत नाही. दूध संघाचे एक संचालक स्वतःचा श्वास मोजून घ्यायला आले होते, बरोबर दोन कार्यकर्ते. त्यांनी गाल फुगवून जी फुंकर मारली तिने चेंडू पडद्याबाहेर गेला आणि यंत्र पीं करून ओरडलं.

"आजून जोर लावा आण्णा," एक कार्यकर्ता म्हणाला.

"गप बे," दुसरा म्हणाला, "इथं काय इलेक्शन हाय का जोर लावायला?"

पाचव्या खेपेला जमलं. आकडा आला अठरा. अण्णांना तो कमी वाटला. "बस? अठराच?" असं म्हणत ते जरा हिरमुसूनच गेले.

यंत्राची दुसरी खोड अशी की त्याच्या सेन्सरला आयुष्य मोजून दिलेलं असतं. तीनशे फुंकरी झाल्या की तो मेला, नवा बसवावा लागतो. किती उरल्या ते पडद्याच्या कोपऱ्यात दिसत राहतं. त्या वर्षी ऊसच नव्हता, कारखान्याचं बॉयलर पेटलंच नाही. कारखान्याच्या गाड्या टाक्या चढवून वाड्यावस्त्यांना पाणी पुरवत होत्या. नव्या सेन्सरचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "पुढच्या हंगामात बघू." त्यामुळे कोपऱ्यातला आकडा उतरत चालला तसा मी तो हंड्यातल्या पाण्यासारखा जपू लागले.

याच अण्णांची आई आमच्याकडचा पंप वापरत होती. पंप घेतल्यावर चूळ भरून टाकली नाही तर औषध तोंडात राहतं आणि कधीकधी पांढरे चट्टे येतात. त्यांना तसे आले. अण्णा भर ओपीडीत ओरडले, "माझ्या मायच्या तोंडात बुरशी आनली तुमी!" सर माझ्याकडे वळून फक्त म्हणाले, "अश्विनी, चूळ कुणी शिकवायची असते?"

एवढंच. पण रांगेतले सगळे माझ्याकडे बघत होते. माझे कान दुपारपर्यंत गरम होते. त्यानंतर मी चुळीच्या बाबतीत पोलीस झाले. कागद छापून भिंतीवर लावला, आणि प्रत्येकाला बजावायची, आधी चुळीचं पाणी हातात, मग पंप.

आता कौसाबाई.

शिरूर कासारच्या पलीकडे डोंगराच्या कडेला मेंढपाळांची एक वस्ती आहे, तिथल्या त्या. वय पंचेचाळीसच्या पुढेमागे, अंगाने काटक. नवरा मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाला गेलेला, मुलगा-सून ऊसतोडीला कर्नाटकात. मागे ह्या एकट्या, चार शेळ्या आणि वाटचाल न झेपणारी दोन लंगडी मेंढरं. आठ महिन्यांत तीनदा त्यांना जीपमध्ये आडवं घालून आणलं होतं, ओठ जांभळे पडलेले. दरवेळी गोळ्यांचा मोठा डोस देऊन त्यांना माघारी खेचावं लागलं. गोळ्यांनी चेहरा फुगला. "आरशात बगितलं तर मला वाटलं नणंदच आली माझी," त्या म्हणाल्या. हसण्यासारखं होतं, पण रक्तातली साखरही वर सरकू लागली होती.

त्यांनी पहिल्याच फुंकरीत चेंडू दोन रेषांच्या मधे दहा सेकंद असा धरला की तो हलला नाही. मी कधी असं पाहिलं नव्हतं.

"कसं जमलं?" मी विचारलं.

"चुलीला मारतो तशीच की म्याडम. जोरात मारली की राख डोळ्यात, हळू मारली तर जाळ न्हाई."

आकडा आला शहाण्णव. रक्तात इओसिनोफिलही भरपूर. म्हणजे स्टिरॉइडला ऐकणारीच सूज. पंप तर सुरू होता, चांगल्या डोसचा. मग आग विझत का नाही? पुढच्या पाच भेटींत आकडे आले ते असे: एक्केचाळीस, एकशे चार, अडतीस, नव्वद, अठ्ठ्याण्णव. मधेच खाली, मधेच वर. सरांनी आधी यंत्रावर संशय घेतला. मग कौसाबाईंवर.

"औषध रोज घेता ना मावशी?"

"घेते की."

"दोन्ही वेळ?"

"तुमी सांगितलं तसंच घेते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही मुकादमांचा पटका आठवला.

शेवटच्या अठ्ठ्याण्णवच्या दिवशीच त्यांनी ठरवलं. "दोनपैकी एक असणार," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "एक तर हिला स्टिरॉइड लागू पडत नाही, नाहीतर ते हिच्यापर्यंत पोचत नाही. आठ दिवस इथे ठेवू. पंप सकाळ-संध्याकाळ तुझ्या डोळ्यांसमोर. आठव्या दिवशी आकडा उतरला तर औषध खरं आणि बाई खोटी. नाही उतरला तर गोळ्या, कायमच्या." निघता निघता थांबून म्हणाले, "आजची फुंकर झाली. आता एकदम आठव्या दिवशीची. मधे नाही. किती उरल्यात?"

"तेरा."

कायमच्या गोळ्या म्हणजे काय, ते त्यांच्या फुगलेल्या चेहऱ्यावर दिसतच होतं. लंगडी मेंढरं शेजारणीवर सोपवून कौसाबाई वॉर्डात राहिल्या.

मी आज्ञा मोडणारी मुलगी नाही. शाळेत रांग सोडून कधी पाणी प्यायलाही गेले नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पंप देऊन झाला आणि यंत्र माझ्या खिशात होतं. मला राहवलं नाही. फक्त एक, असं म्हणून मी त्यांना फुंकर मारायला लावली. ब्याऐंशी. तिसऱ्या दिवशी पुन्हा फक्त एक. सहासष्ट. मग त्रेपन्न. एक्केचाळीस. चौतीस.

हे कसं सांगू? माणसाच्या छातीच्या आत, जिथे दिवा लावता येत नाही, तिथली आग दिवसादिवसाने विझत होती आणि मी ती बाहेर बसून मोजत होते. कौसाबाई खाटेवर पाय सोडून शेंगा सोलत असायच्या. त्यांना वाटायचं, आज बरं वाटतंय. मला माहीत असायचं की किती थेंबांनी बरं वाटतंय. एकोणतीस. पंचवीस. देवळात मला कधी असं वाटलं नाही. वॉर्डात फिनेलच्या वासात वाटलं.

आठव्या दिवशी राऊंडला सरांनी आकडा पाहिला. त्यांना आनंद झाला आणि रागही आला.

"मावशी, औषध तुम्हाला एकदम लागू आहे. म्हणजे घरी तुम्ही ते घेतच नाही. खोटं कशाला सांगता?"

कौसाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "खोटं बोलाया मी काय मुकादम हाय का?" त्या म्हणाल्या. "जसं सांगितलं तसंच घेतलं. एक बी डाव नेम मोडला न्हाई." मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. सर पुढच्या खाटेकडे गेले.

थोड्या वेळाने त्या पिशवी भरून उठल्या. खाटेखालची पाण्याची बाटली काढली आणि बाहेर पायरीजवळ गेल्या. तिथे उद्घाटनाच्या दिवशी चेअरमननी लावलेलं लिंबाचं रोप होतं. त्यांच्या नावाची पाटी ठणठणीत, रोपाच्या मात्र चार काड्या उरलेल्या. कौसाबाईंनी बाटलीतलं पाणी त्याच्या बुडाशी हळूहळू ओतलं. पाणी गढूळ होतं.

आणि मला कळलं की ते कसलं पाणी आहे. रोज पंप झाल्यावर मी पेला द्यायचे, त्या चूळ भरायच्या, आणि बेसिनमध्ये न टाकता त्या बाटलीत टाकायच्या. आठ दिवस मी हे पाहत होते. मला वाटलं होतं, बेसिनची सवय नसेल.

"हे साठवून ठेवलं होतं?" मी विचारलं.

"मंग? चांगलं पानी हाय. गटारीत कावून टाकायचं?"

"घरीही असंच करता?"

"घरी शेळीच्या पिलाला लागतंय. पर घरी रोज कुठं आलंय? टँकर येतो नऊ-धा दिसांनी. टँकर आला की चार-पाच दिस घेते अवशद. मंग पान्याचं टिपाड रिकामं व्हतंय. मंग थांबते."

"थांबता?"

"चुळीला पानी नसलं तर थांबावंच लागतंय की." त्या माझ्याकडे नवल वाटल्यासारखं बघत होत्या. "तुमीच म्हनला व्हतात. मी इचारलं व्हतं तुमाला, पानी नसलं तर कसं करू म्हनून."

त्यांनी विचारलं होतं. अण्णांनी आरडाओरडा केल्यानंतरचाच आठवडा असेल. रांग मोठी होती, मी मान खाली घालून नाव लिहीत होते. आमच्या घरी बोअर आहे. पाणी नसणं म्हणजे मला मोटर बिघडणं एवढंच माहीत. मान वर न करता मी म्हणाले होते, "पाणी नसेल तर आधी पाणी आणा, मग औषध घ्या. त्याशिवाय घ्यायचंच नाही."

छातीवर धोंडा ठेवल्यासारखी धाप लागत असताना, औषध उशाशी असताना, ती बाई माझा नियम पाळत टँकरची वाट बघत बसली होती. आठ महिने. तीनदा मरता मरता वाचली, पण नियम मोडला नाही.

मी "बसा, जाऊ नका," एवढं कसंबसं म्हणून माझी वही घेतली आणि कारखान्याच्या गेटवर गेले. टँकरच्या खेपा तिथल्या रजिस्टरमध्ये लिहितात, कुठली गाडी कुठल्या वस्तीला कधी गेली. गेटवरच्या वॉचमन काकांनी विचारलं, "म्याडम, दवाखान्याचं पानी संपलं का?" मी नकारार्थी मान हलवली आणि बोट ठेवून तारखा शोधू लागले.

पहिला आकडा शहाण्णव: वस्तीवर टँकर येऊन दहा दिवस झालेले. एक्केचाळीस: पाचवा दिवस. एकशे चार: अकरावा. अडतीस: चौथा. नव्वद: नववा. अठ्ठ्याण्णव: दहावा.

सहाच्या सहा. मी तिथे वॉचमन काकांच्या स्टुलावर बसले. कारखान्याच्या गेटवर एक रजिस्टर लिहिलं जात होतं, आणि तिकडे डोंगराच्या कडेला एका बाईच्या श्वासनळ्यांत तेच रजिस्टर लिहिलं जात होतं, अब्जांशांत. एकाचाही दुसऱ्याला पत्ता नाही, आणि एकाही तारखेची चूक नाही. आकडा खोटं बोलला नव्हता. कौसाबाईही बोलल्या नव्हत्या. विचारायचं होतं ते आम्ही विचारलं नव्हतं.

सरांपुढे वही ठेवली तेव्हा त्यांची नजर आधी यंत्राच्या कोपऱ्याकडे गेली.

"सहाच? बाराच्या सहा कशा झाल्या?"

"मधल्या सहा मी वापरल्या सर. रोज एक. कौसाबाईंवर." माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. "आणि पाणी नसेल तर औषध घ्यायचं नाही, असं त्यांना मीच सांगितलं होतं."

सरांनी एका हाताचं बोट आकड्यावर, दुसऱ्या हाताचं टँकरच्या दिवसावर, असं खालपर्यंत नेलं. मला वाटलं, आता रागावतील. ते उठून वॉर्डात गेले आणि पेशंटच्या समोरच्या स्टुलावर बसले, जे ते कधी करत नाहीत.

"मावशी, मी तुम्हाला खोटं म्हणालो. माझं चुकलं."

कौसाबाई संकोचल्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "असू द्या सायेब. पान्यापायी लई जनांचं चुकतंय यंदा."

"आता नीट ऐका. चूळ भरली तर चांगलंच. नसेल पाणी, तर नाही भरली तरी चालेल. पण औषध चुकवायचं नाही. तोंड आलं तर त्यावर माझ्याकडे औषध आहे. दम गेला तर कशावर देऊ?" मग त्यांनी विचारलं, "सकाळी मशेरी लावता?"

कौसाबाईंनी अपराधी चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मशेरी सोडा, मशेरी सोडा, असं मी त्यांना दर भेटीला सांगत आले होते.

"लावते थोडी."

"तिच्यानंतर चूळ भरावीच लागते ना? मग पंप तिच्या आधी घ्या. तीच चूळ दोन्हीला. संध्याकाळचा भाकरीच्या आधी. खाऊन झाल्यावर पाणी पिताच की."

"या बया," सखुमावशी दारातून म्हणाल्या, "आठ म्हैने मशेरी सोडा म्हनून मागं लागले, अन् आता मशेरीचा टाइम लावून देतेत!"

वॉर्ड हसला. कौसाबाईही हसल्या. आठ दिवसांत त्यांना धाप न लागता हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. सरांनी त्यांना पंपाला लावायची प्लास्टिकची मोठी नळी दिली, म्हणजे औषध तोंडात कमी बसतं आणि छातीत जास्त जातं. कायमच्या गोळ्यांचा विषय मिटला. पण वॉर्डात, डोळ्यांसमोर, भरलेल्या पिंपाशेजारी आकडा उतरणं वेगळं, आणि वस्तीवर रिकाम्या टिपाडाशेजारी उतरलेला राहणं वेगळं. आठ महिने पाळलेला नियम त्या आता आमच्या सांगण्यावरून सोडतील का, हे कुणालाच माहीत नव्हतं. सर म्हणाले, "टँकर लांबेल तेव्हा या. तेव्हाचा आकडा खरा."

उरलेल्या सहापैकी पाच फुंकरी पुढच्या अडीच महिन्यांत एकेक करत गेल्या. कोपऱ्यात एक उरला तेव्हा मी यंत्र कपाटात ठेवून दिलं.

कौसाबाई आल्या त्या दिवशी ओपीडीत अण्णाही बसलेले होते. त्यांना पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायला ताजा आकडा हवा होता. कौसाबाई चारा छावणीच्या ट्रकमधून आल्या होत्या, केसांत कडब्याचा भुसा. चेहरा उतरून पुन्हा त्यांचा स्वतःचा झाला होता.

"टँकर कधी आला होता?" मी पहिला प्रश्न तोच विचारला.

"आज बारावा दिस. गाडीचा पाटा मोडलाय म्हनं."

मी कपाटातून यंत्र काढलं. अण्णांनी हात पुढे केला. "आधी माझं घ्या मॅडम, मला गाडी गाठायचीय."

"एकच फुंकर उरली आहे अण्णा," मी म्हणाले. "ती यांची आहे."

"अहो, या यंत्राच्या ठरावाला अनुमोदन माझं व्हतं!"

"हो अण्णा." त्यांच्या नजरेला नजर देणं मला जमेना, म्हणून मी यंत्राकडे बघत तेच पुन्हा म्हणाले, "ती यांची आहे."

अण्णांनी हात मागे घेतला. कौसाबाईंनी यंत्र ओठांना लावलं. चेंडू उचलला गेला, दोन रेषांच्या मधे आला आणि थांबला. अण्णा खुर्चीतून पुढे वाकून बघत होते. "आसं फुकायचं व्हय," ते हळूच म्हणाले. दहा सेकंद. मग यंत्र विचार करू लागलं, आणि मी श्वास धरून उभी.

तेवीस.

बाराव्या दिवशी. रिकाम्या टिपाडावर. तेवीस.

"किती आलं?" कौसाबाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांना आकड्याचं काही वाटलं नाही. त्या पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत होत्या. तिथे शून्य आलं होतं आणि पडदा हळूहळू मावळत होता.

"मेलं का मशीन?"

"हो."

"माझ्यावरच संपिवलं व्हय?" त्यांचा आवाज उतरला. थेंब सांडला की उतरतो तसा.

"सांडलं नाही," मी म्हणाले. "लागलं."

त्यांनी मान डोलावली. "मंग नीट लिवून ठिव पोरी," त्या म्हणाल्या.

मी वही उघडली. तारीख, कौसाबाईंचं नाव, आकडा तेवीस. त्यापुढे मी हाताने आखलेला एक रकाना आहे, जो कुठल्याही इंग्रजी पुस्तकात नाही आणि त्या दिवसानंतर आमच्या प्रत्येक केसपेपरवर आला. त्यात लिहिलं: पाणी येऊन दिवस बारा.